स्वस्तातला रोल

उल्हासनगरच्या फोटोच्या दुकानातल्या सिंधी बाईंकडे फिल्मचा रोल मागितला, की त्या आधी विचारतात, "फोटो किसका निकालना है?" मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत गिऱ्हाइकाची उलटतपासणी चालते.

त्या दिवशी ऐपत नसताना मी महागडा रोल मागितला. बदलापूरला आईचे फोटो काढायचे होते.

"आई तुझ्यासारखी सावळी?"

मला रागच आला. बाईंनी शांतपणे एक अल्बम उघडला. पानोपानी त्यांचाच सावळा हात, दुकानाच्या पायरीवर, दुपारच्या उन्हात. प्रत्येक फोटोखाली रोलचं नाव. महागड्या रोलवर हात फिकट गुलाबी आला होता. सगळ्यात स्वस्त रोलवर मात्र तो जसा होता तसाच दिसत होता.

"ये ले जा, बेटा. इसमें आई आईच दिसेल."

मी तोच घेतला.

प्रिंट आल्यावर आईने एक फोटो खिडकीपाशी नेला. तिच्या लग्नाच्या फोटोंतसुद्धा स्टुडिओवाल्याने तिला गोरी करून टाकलं होतं.

"अगं," ती म्हणाली, "ही तर मीच."