काकांचा रूळ

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या फुटाणेवाल्या काकांची वाट हिरावली गेली. काका पूर्ण आंधळे आहेत. बंद पडलेल्या रेल्वे लाईनवरून, रुळाला काठी घासत, ते रोज एकटे भंडाऱ्याच्या बाजारात जायचे. कोणी मदतीला आलं की म्हणायचे, "हात नोको धरू बे, फुटाने सांडतीन."

आता त्या लाईनवर सगळ्यांसाठी फिरायचा रस्ता होतोय. तो आम्हीच भांडून मिळवला. पण मंगळवारी कामगारांनी दोन्ही रूळ उपटले. काका आले, त्यांनी काठी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, आणि टोपली सावरत तिथेच उभे राहिले.

मी म्हटलं, "काका, चला, मी नेते."

"आज नेशीन पोरी. उद्या तुही परीक्षा राहीन, मंग?"

मग त्यांनी कामगारांना हाक मारली, "तुमचा का दोष, बापा," म्हणत प्रत्येकाच्या हातावर फुटाणे ठेवले आणि चाचपडत घरी परतले.

रस्त्याच्या कडेला एक रूळ परत बसवला, तर कोणाचं फिरणं अडणार आहे? सकाळी पांढरे बूट घालून फिरायला येणाऱ्यांनो, रविवारी तिथे थोडं डोळे मिटून चाला आणि रूळ परत बसवण्याच्या आमच्या अर्जावर सही करा.