आरशांच्या ओढणीचा फोटो

नवा कॅमेरा घ्यावा की नाही हे ठरवायला मी तो दोन दिवस मागून आणला आणि पोहरादेवीच्या यात्रेत गेलो. एका बंजारा आजीच्या आरशांच्या ओढणीचे वीस फोटो काढले. फ्लॅशने सगळे पांढरेफटक. शेजारी यात्रेत फोटो काढून देणारा एक म्हातारा आपला जुना कॅमेरा पुसत बसला होता.

"आरशाले उजेड कायले मारता? तो वापस फेकते."

त्याने माझा कॅमेरा घेतला, फ्लॅश मिटवला, आजीला लिंबाच्या सावलीत वळवलं आणि श्वास रोखून एकदाच बटण दाबलं.

"चांगला हाय. घ्या."

त्याचं नाव विचारायचं सुचलंच नाही. घरी फोटो मोठा करत गेलो. बोराएवढ्या एका आरशात तो स्पष्ट दिसला, कॅमेऱ्यावर वाकलेला; आणि त्याच्यामागे आ वासून उभा मी.