एकाच बाळासाठी फोडलेली बाटली

माझ्या थोरलीच्या वेळी मला क्षयाच्या लशीसाठी पुन्हा पुन्हा परत पाठवलं होतं. ‘पोरं जमू द्या, एकटीसाठी बाटली फोडता येत नाही.’ एका बाटलीत पुष्कळ बाळांची लस असते आणि फोडल्यावर ती काही तासच टिकते, हे खरं. पण ओल्या बाळंतिणीला हेलपाटे घालायला लावणाऱ्यांचा मला आजही राग येतो. त्याच लेकीच्या बाळंतपणाला यंदा टेंभुर्णीकडच्या एका सरकारी दवाखान्यात गेले, ती पदर खोचूनच.

भांडायची वेळच आली नाही. नातवाला जन्मल्या दिवशीच सगळ्या लशी मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. शेजारच्या खाटेवर एका धनगराची सून होती, पहाटे मुलगी झालेली. मेंढरं अकलूजकडं निघाली होती, त्यामुळं घरची माणसं सांगूनही संध्याकाळच्या पुढं थांबायला तयार नव्हती. ही गेली की लस राहिली, हे ओळखून सिस्टर बाटली घेऊन आली. तशी सासू आडवी आली.

“एकीसाठी नगं फोडू, बाई. आमचा मेंढरांचा डाक्टरबी कळप गोळा झाल्याबिगर बाटली फोडत न्हाय. वाया जातंय की सगळं!”

“आजी, मेंढरू उद्याबी कळपात घावतंय. तुमची नात मला उद्या कुटं घावणार?”

बोलता बोलता सिस्टरनं बाटली फोडलीसुद्धा. डाव्या दंडाला सुई लागली, पोरगी किंचाळली, आणि मी मनातल्या मनात त्या बाईला शाबासकी दिली.

म्हातारीला मात्र उरलेली लस बघवेना. काठी घेऊन ती बाहेर पडली आणि थोड्या वेळानं ऊसतोडीच्या दोन बायकांना पुढं घालून आली. दोघींच्या काखेत तान्ही पोरं, दोघांनाही लस नव्हती. सिस्टर हसत हसत कामाला लागली. म्हातारी पुन्हा बाहेर जाऊन आली, पण आणखी कुणी सापडलं नाही.

दुपारी लशीची वेळ संपली. सिस्टरनं उरलेली टाकायला काढली.

“टाकलीस व्हय?” म्हातारी कळवळली. “आन उद्या येकच पोर आलं तर?”

“तरीबी फोडणार.”

म्हातारी सिस्टरजवळ गेली. तिच्या गालांवरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली आणि सुनेला म्हणाली, “पोर मोठी झाली की सांग तिला. तिच्या एकटीसाठी फोडली हुती.”