मूळ स्थितीतली गाडी

मास्तरांनी अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं, पण त्यांच्या स्वतःच्या नशिबी आली ती ड्रायव्हिंग स्कूलची छोटी गाडी. ब्रेक दोन्हीकडे, आत सतत जळक्या क्लचचा वास, आणि शिकाऊ मंडळींच्या हाताखाली गिअरची रोजची कुरकुर. उंची गाड्यांचं वेड मात्र असं, की समोरून एखादी लांबलचक गाडी आली की मास्तर शिकाऊला वाऱ्यावर सोडून तिच्याकडे बघत बसायचे. एकदा या नादात विजेचा खांब आडवा आला, आणि तरी बोलणी शिकाऊनेच खाल्ली.

रविवारी सकाळी पेट्रोल पंपामागे शहरातले गाडीवेडे जमत. तिथे गाड्यांपेक्षा करांवरच जास्त चर्चा चाले. त्यांच्यातले दातांचे डॉक्टर कायम वैतागलेले. "अहो मास्तर, बाहेरून गाडी आणायची म्हणजे एक आपल्यासाठी घ्यायची आणि एक सरकारसाठी!" ते म्हणायचे. मास्तर मान डोलवायचे. त्यांना ना ही परवडणार होती, ना ती.

पण मास्तरांच्या थोरल्या भावाकडे तशी गाडी होती. दादा तरुणपणीच नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिथलाच झाला. क्रीम रंगाची ती लांब गाडी त्याचा जीव की प्राण. फोनवर स्वतःच्या तब्येतीबद्दल दोन शब्द बोलेल तर शपथ, गाडीचं कौतुक मात्र संपता संपायचं नाही. दादा वारला, आणि वहिनी म्हणाल्या, "भावजी, गाडी तुम्हीच न्या. त्यांच्याही मनात तेच होतं."

मास्तरांनी नियम पाहिले. इतक्या जुन्या गाडीला कर अगदी नावापुरता होता. अट एकच, गाडी 'मूळ स्थितीत' हवी. मास्तर आनंदाने परदेशी वहिनींकडे गेले. गाडी बघून डोळे भरून आले, पण पुढच्या सीटा बघून जीव खट्टू झाला. दादा अंगाने भारी, त्यामुळे त्याची सीट एका बाजूला बसलेली, शिवण उसवलेली. शेजारची वहिनींची सीटही विटून गेलेली. अशी फाटकी गाडी तपासणीला उभी करायची? लोक काय म्हणतील? दादाच्या गाडीला कुणी नाक मुरडलेलं मास्तरांना सहन झालं नसतं. त्यांनी हात आखडता न घेता दोन्ही सीटा बदलून लालभडक नव्या बसवल्या आणि जुन्या सीटा वहिनींच्या दाराबाहेर, कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवून दिल्या. सगळं स्वतःच्या अकलेने. कुणाला विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण विचारतील तर मास्तर कसले!

गाडी जहाजातून बंदरावर उतरली. तपासायला आलेल्या कस्टमच्या बाई मास्तरांच्याच जुन्या शिकाऊ निघाल्या.

"ओळखलंत का मास्तर? रिव्हर्स घेताना रडवलं होतंत मला," त्या हसत म्हणाल्या आणि त्यांनी गाडीचं दार उघडलं. हसू तिथेच थांबलं. "सीटा कधी बदलल्या?"

"गेल्याच महिन्यात!" मास्तर छाती फुगवून म्हणाले. "कातडं अस्सल आहे, हात लावून बघा."

बाईंनी हात लावला नाही. "मास्तर, मग ही मूळ स्थितीत नाही राहिली. हिला पूर्ण कर लागणार."

आकडा ऐकून मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. राहतं घर विकलं असतं तर कुठे तो जमला असता.

"जुन्या सीटा आणून बसवा, मी पुन्हा तपासते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "नाहीतर गाडी परत पाठवावी लागेल. माझ्या हातात एवढंच आहे."

घरी बायकोने वाढताना सगळं ऐकून घेतलं. "तुम्हाला कुठली गोष्ट जशी आहे तशी बघवतच नाही," ती म्हणाली. "माझे केससुद्धा रंगवायला लावलेत. आता वहिनींना फोन लावा. सीटा कचऱ्यात गेल्या नसतील तर नशीब तुमचं."

मास्तरांनी फोन लावला आणि अडखळत विचारलं.

"आहेत की," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बाहेर ठेवल्यात ना, त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मदतीने आत आणल्या. खिडकीपाशी आहेत. सकाळचा चहा मी तिथेच घेते."

"सीटवर बसून?"

"माझ्या सीटवर. त्यांची शेजारी असते." मग घाईघाईने म्हणाल्या, "पण तुम्हाला लागतायत तर पाठवते की. उद्याच बांधायला सांगते."

मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली. ज्या सीटांची त्यांना लाज वाटली होती, त्याच वहिनींनी घरात आणून ठेवल्या होत्या. बायको समोरच उभी राहून ऐकत होती. तिने मानेनेच 'नको' म्हटलं.

"नको वहिनी," मास्तर म्हणाले. "सीटा राहू द्या. गाडीच परत पाठवतो तुमच्याकडे."

"अहो, मी काय करू तिचं? मला कुठे चालवता येते?"

मास्तरांच्या आत्ता लक्षात आलं. इतकी वर्षं दादा गाडीबद्दल बोलत राहिला, मास्तर ऐकत राहिले, आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्या वहिनींना 'तुम्हाला शिकायची आहे का' असं दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

"मी येतो," ते म्हणाले. "शिकवतो तुम्हाला."

"या वयात? काहीतरीच तुमचं." वहिनी हसल्या, मग थांबल्या. "भावजी, गाडीत त्या नव्या सीटा तशाच आहेत ना?"

"आहेत. लाल. त्यांवर अजून कुणी बसलेलंही नाही."

"मग शिकेन," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या सीटवर बसणं माझ्याच्याने झालं नसतं."