दमयंतीताईंचा टेपचा अँटेना

"निरोप पोहोचला" असं म्हटलं की दमयंतीताई चष्म्यावरून बघत आणि अहिराणीत विचारत, "तू धाडा. पन त्याले भेटना का? त्यानी परत सांगं का?" समोरच्यानं शब्द न् शब्द परत म्हटल्याशिवाय त्यांचा काडीचा विश्वास बसत नसे. त्या धानोऱ्याच्या निवृत्त विज्ञानशिक्षिका. पुरात फोन बंद पडले तर हॅम रेडिओवरून, उपग्रहामार्फत निरोप कसे धाडायचे, हे आम्हा स्वयंसेवकांना त्या फुकट शिकवत. फुकट म्हटल्यावर मला पहिल्या दिवसापासून संशय. बाईंचा यात काय फायदा?

धरणाच्या पाण्याकाठच्या मणिबेलीला जाताना बोटीत मी विचारूनच टाकलं. त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "सारंगखेडाले भाऊ व्हता. पूर येई ऱ्हायना, निंघ, असा निरोप धाडा. पोचना म्हने. मी बी मानी लिधं." निरोप पोहोचला असं कुणी सांगितलं, ते त्यांनी मानलं; भाऊ पुरातून निघालाच नाही. मला स्वतःची लाज वाटली.

मणिबेलीत मोबाइलला रेंज नाही, वाट बोटीची. कुणी अडलं तर दवाखान्याला कळवायला तिथं आमचं केंद्र हवं होतं. ताई उतरल्या त्या स्वतः बनवलेला अँटेना उंच धरून. पाइपावर बसवलेले पिवळ्या मेजरिंग टेपचे तुकडे. काठावरची माणसं टेप बघून मागे सरकली. म्हातारे नुरजीदादा पुढे आले.

"परत मोजायला आले का? मागे टेप घेऊन आले, न् शेत पाण्यात गेलं. बोट फिरवा."

मी बोटीची दोरी सोडायला घेतली. ताई मात्र दादांनी संशय घेतला म्हणून खूश. "बराबर शे त्यास्नं. शक लेवालेच जोयजे." त्यांनी अँटेना दादांच्याच हातात दिला. उपग्रह डोंगरावर आला आणि नंदुरबारच्या गच्चीवरून आमचा सहकारी बोलू लागला.

"आवाज डब्यात भरून आणला," दादा म्हणाले.

"मग शब्द तुम्ही द्या, दादा," ताई शाळेतल्या मराठीत म्हणाल्या. " आम्हाला ठाऊक नसलेला."

दादांनी धरणाच्या पाण्याकडे बोट केलं. "सावरीवालं खेत."

ताईंनी तो धाडला. थोडी खरखर झाली, मग आवाज आला, "सावरीवालं खेत." बुडालेल्या शेताचं नाव परक्या माणसाच्या तोंडून येत होतं. दादांचे डोळे भरले. "परत सांगायला लावा," ते म्हणाले.

केंद्र झालं. दादांची सून रमिला हॅम परवान्याची परीक्षा देऊन तिथली ऑपरेटर झाली.

ताई वारल्या, तेव्हा मीच तिला उपग्रहावरून कळवलं. तिनं निरोप परत म्हणायचा होता. ती म्हणाली, "परत सांगा." मी सांगितलं. मागून दादांचा आवाज आला, "खोटं आहे. परत सांगायला लाव." मी पुन्हा सांगत असतानाच उपग्रह डोंगराआड गेला.

ताईंच्या नियमानं ती बातमी मणिबेलीला अजून पोहोचलेली नाही. मीही ती पुन्हा धाडलेली नाही.