आमच्या घराचा उतार

चहा घ्या, पण कप खाली फरशीवर ठेवू नका. ठेवलात तर बघा, दाराकडच्या बाजूला चहा अगदी काठाला टेकेल आणि स्वयंपाकघराकडच्या बाजूला कप रिकामा दिसेल. थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही. चहाचं काही चुकत नाही हो, चहा सरळच असतो. वाकडं आहे ते घर. ते कुणी वाकडं केलं, हे सांगणारे आमच्या करडी गावात पुष्कळ आहेत, पण आज घरी आलाच आहात तर माझ्याच तोंडून ऐका.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया नुकतंच वेगळं झालं होतं आणि मी भंडाऱ्याच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन गावी परतलो होतो. तेही भौतिकशास्त्र घेऊन! घराण्यातला पहिला पदवीधर. बाबांना सही येत नव्हती. कागद समोर आला की ते मुकाट्याने अंगठा शाईच्या पॅडवर दाबत आणि मग तो धोतराला पुसत. अशा माणसाचा मुलगा ज्ञानाचं गाठोडं घेऊन आलेला. ते मी दिसेल त्याच्यापुढे सोडून बसायचो.

आईने रस्सा वाढला की मी विचारणार, तेल वरच का तरंगतं? मग घनता. गावाजवळच्या बोडीत म्हशी डुंबताना दिसल्या की प्लावक बल. एवढी थोरली म्हैस पाण्यात हलकी कशी होते, हे मी आईला एकदा चांगलं अर्धा तास सांगितलं. ती लाखोळीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कायले सांगून राहिला? म्हशीले सांग, तिच्या कामी पडल."

काय दिवस होते! मला वाटायचं, हे जग चालतं ते मला कळलेल्या नियमांवर, आणि जगालाच तेवढं ते ठाऊक नाही.

आता घराचं. आमचं जुनं घर मातीचं, रस्त्याच्या खाली. रस्त्यावर दरवर्षी मुरूम पडायचा, रस्ता उंच व्हायचा आणि आम्ही खोल जायचो. पावसाळ्यात पाणी पुढच्या दाराने पाहुण्यासारखं आत यायचं आणि आई ते घमेल्याने मागे फेकायची. माझ्या बहिणीचं, पुष्पाचं, लग्न ठरवायला लाखनीची मंडळी आली, तेव्हाही ते आलंच. होणारे व्याही खाटेवर पाय वर घेऊन बसले आणि त्यांची एक चप्पल तरंगत तरंगत स्वयंपाकघरातून मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, गेली ती गेलीच. बिचारे बाबांची चप्पल घालून लाखनीला परतले. लग्न झालं, पण तो चपलेचा प्रसंग व्याह्यांनी प्रत्येक कार्यात, प्रत्येक पंगतीत सांगितला. बाबाही सगळ्यांबरोबर हसायचे. मग त्या दिवशी नीट जेवायचे नाहीत. ते फक्त आईला आणि मला माहीत होतं.

म्हणून पक्कं घर बांधायला काढलं, तेव्हा बाबांचं मिस्त्रीकडे एकच मागणं होतं. "देवरावजी, खोल्या लहान-मोठ्या झाल्या तं चालल. पन पानी मांगं गेलं पायजे. माह्या घरातलं पानी पुढं दिसलं नाई पायजे."

देवराव मिस्त्री म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेला माणूस. आपण बांधलेल्या भिंतीला ओळंबासुद्धा घाबरतो, असं तो स्वतःच सांगायचा. भिंती झाल्या, छत झालं आणि कोबा करायची वेळ आली. पुढच्या खोलीपासून मागच्या नालीपर्यंत हलका उतार काढायचा होता. त्यासाठी लेव्हल धरायची. ती कशी धरतात माहीत आहे ना? लांब, पारदर्शक नळी घ्यायची, तिच्यात पाणी भरायचं. एक तोंड एका कोपऱ्यात, दुसरं दुसऱ्या कोपऱ्यात. मधे नळी कितीही वळू द्या, दारातून जाऊ द्या, विटांवरून जाऊ द्या, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला उभं राहतं. तिथे भिंतीवर खूण करायची आणि त्या खुणेवरून खालची जमीन मापायची.

त्या दिवशी मिस्त्रीचा नेहमीचा जोडीदार कुठल्याशा लग्नाला गेला होता. मिस्त्री म्हणाला, उद्या बघू. मी म्हणालो, उद्या कशाला, मी आहे ना! हा तर माझा विषय. बाबांनी माझ्याकडे असं काही बघितलं की तो अभिमान मला आजही आठवतो. त्यांनी खरोखर धोतर झटकलं आणि बाजूला उभे राहिले, जणू डॉक्टर ऑपरेशनला आला आहे.

मिस्त्रीने मला नळीचं तोंड दिलं आणि समजावलं, "चालताना अंगठा दाबून धरजो, नाई तं पानी सांडते. उभा राह्यला का सोडजो."

यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं तो बोलत होता तेव्हा मी बोलायला सुरुवात केली होती.

मी अंगठा दाबून मागच्या कोपऱ्यात गेलो. मिस्त्री पुढच्या खोलीत. मधे दोन दारं, एका रेषेत. मी भिंतीला चिकटून उभा, त्यामुळे त्याला माझं बाहेर काढलेलं डोकं आणि फार तर एक हात दिसत असेल. आणि मी काय करावं? व्याख्यान! मोठ्या आवाजात, दोन दारं ओलांडून. सांगत होतो की काका, यात जादू काही नाही. नळीची दोन्ही तोंडं उघडी असतात, दोन्हींवर हवा सारखाच दाब देते, म्हणून पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहतं. तोंडं उघडी असणं हेच यातलं मर्म!

हे सांगताना माझा उजवा अंगठा नळीच्या तोंडावर गच्च होता.

तिकडे मिस्त्रीने तोवर खर्रा, म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी, तोंडात टाकला होता. खर्रा तोंडात असला की देवराव मिस्त्री जगाशी हातवाऱ्यांनीच बोलायचा. त्याने अंगठा वर करून मला दाखवला आणि दोनदा हलवला. मला वाटलं, वा! या माणसाला विज्ञानाची कदर आहे. मीही दारातून डावा हात बाहेर काढून त्याला अंगठा दाखवला. त्याने समाधानाने मान हलवली आणि आपल्या बाजूला खूण केली. मी माझ्या बाजूला केली.

आलं का लक्षात? तो विचारत होता, अंगठा काढला का. मी दाखवत होतो, हा बघा अंगठा. त्याला वाटलं काढला. मला वाटलं शाबासकी.

तोंड बंद असलेल्या नळीत पाणी बिचारं काय करणार? वरून बाहेरच्या हवेला वाट नाही, ते जिथे होतं तिथेच अडकून राहिलं. त्यात मी उंच, आणि उत्साहात नळी आणखी वर धरलेली. म्हणजे माझी खूण चढली. खूण चढली म्हणजे तिच्यावरून मापलेली जमीनही चढली. नालीकडे उतरायचा तो कोबा नालीकडे चढत गेला. आणि एका बाजूचा उतार नजरेला कुठे कळतो? आम्हाला तर ते घर राजवाडाच दिसत होतं.

गृहप्रवेश ठरला. भंतेजी आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरून बसलेले. व्याही सगळ्यात पुढे, नवा पांढरा झब्बा-पायजमा घालून. बाबांनी त्यांची चपलांची जोडी स्वतः उचलून कोनाड्यात ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, आता इथून कुठी जात नाई. सगळे हसले. त्या दिवशी बाबा खरंच हसले होते. देवराव मिस्त्रीसुद्धा पांढऱ्या कपड्यांत, भंतेजींचा मान ठेवून बिनखर्ऱ्याचा बसलेला.

वंदना झाली. भंतेजी म्हणाले, आता थोडा वेळ डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसा. घर शांत झालं.

त्याच वेळी मागे स्वयंपाकघरात खिरीसाठी तांदूळ धुताना पाण्याची भरलेली पितळी गुंडी कलंडली. आईला काही वाटलं नाही. आपला उतार नालीकडे! तिने उलट आणखी दोन बादल्या ओतल्या, म्हणजे कोंडा वगैरे काय असेल ते धुऊन जाईल. आणि दुसऱ्या कामाला वळली.

इकडे मी डोळे मिटून बसलो होतो. हळूहळू बसल्या जागी एक शीतलता जाणवायला लागली. मला वाटलं, ध्यान लागलं. इतकं लवकर लागतं हे माहीत नव्हतं. मग ती शीतलता मांडीपर्यंत आली तेव्हा मी एक डोळा उघडला. समोर व्याह्यांनीही एक डोळा उघडलेला. आमची नजरानजर झाली आणि दोघांनी घाईघाईने डोळे मिटले. प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्या एकट्याचंच आहे. वय झालेल्या मंडळींची तर काय अवस्था झाली असेल! उठायला कुणी तयार नाही. सगळी खोली गंभीर चेहऱ्याने भिजत होती.

शेवटी तख्तावर कोरडे बसलेले भंतेजी डोळे उघडून शांतपणे म्हणाले, "उपासकहो, उठा. पाणी आलं आहे."

सगळे उठले. सगळ्यांचे पांढरे कपडे मागून ओले, तांदळाचे दाणे चिकटलेले. कुणी कुणाकडे पाठ करेना. मी बाबांकडे बघितलं. ते पाण्याकडे बघत होते. नव्या घरातलं पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर पुढच्या दाराकडे चाललं होतं आणि व्याही त्यात उभे होते.

मिस्त्रीला आपल्या नावाची पडली. त्याने तशा ओल्या कपड्यांतच घरून नळी आणवली आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता, सगळ्यांसमोर मोजू. मी मागच्या कोपऱ्यात गेलो. तो पुढे. पाहुणे दोन्ही दारांत दाटीने उभे.

"अंगठा काढला का?" मिस्त्री ओरडला. आज तोंड रिकामं होतं ना.

पाहुण्यांच्या गलक्यात मला त्यातलं फक्त 'अंगठा' ऐकू आलं, आणि मी डावा हात बाहेर काढून अंगठा दाखवला.

मिस्त्री नळी बाबांच्या हातात देऊन, पाहुण्यांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने माझा अंगठा धरला आणि झाकण काढावं तसा उचलला. नळीतलं पाणी सर्रकन चांगलं चार बोटं खाली गेलं. खोलीत सगळ्यांनी ते बघितलं.

"हव," तो म्हणाला. "हे अस्सं झालं होतं."

आता काय सांगू, त्या क्षणी जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. पण जमीन तर मीच बिघडवून ठेवलेली. व्याह्यांच्या ओठांवर काहीतरी येऊन थांबलं होतं. पुढची वीस वर्षं पंगतीत सांगता येईल असं काहीतरी. तेवढ्यात बाबा पुढे आले. त्यांनी आपला अंगठा सगळ्यांसमोर धरला.

"मी अंगठाछाप," ते म्हणाले. "पन माहा अंगठा कागदावर उठते. माह्या पोराचा आख्ख्या घरावर उठला."

आणि मग जो हशा झाला! भंतेजीसुद्धा हसले. व्याही तर हसत हसत पुन्हा ओल्या सतरंजीवरच बसले. चपलेचा प्रसंग त्या दिवसापासून बंद झाला. त्यांना त्याहून चांगला मिळाला होता, आणि त्यात हसं बाबांचं नव्हतं, माझं होतं. गावात माझं नाव पडलं, अंगठाछाप बीएस्सी. अजून आहे.

बाबांना लागलं नसेल असं नाही. एकच मागितलं होतं त्या माणसाने, आणि तेच मी घालवलं. पण ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. जमीन फोडून पुन्हा करण्याची ऐपत नव्हती. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात स्वतःच्या हाताने सिमेंटचा छोटा बांध घातला, शेतात धुरा घालावा तसा. त्या धुऱ्याला ठेच लागली नाही असा एकही नातेवाईक आमच्याकडे नाही.

आणि आपली खाट त्यांनी पुढच्या दाराशी, सगळ्यात सखल कोपऱ्यात टाकली. आई मधल्या खोलीत वाटाणे सोलायला बसली की एखादा निसटून घरंगळत थेट बाबांकडे जायचा. पुढे माझ्या मुलीच्या गोट्या, पेन्सिली, आईच्या तुटलेल्या पोतीचे मणी, गोळ्यांच्या पाकिटातून सुटलेली गोळी, सगळं तिकडेच. बाबा खाटेवरून हात खाली सोडून ते उचलायचे आणि ओरडायचे, पारसल आलं जी! घरात काही हरवलं की आम्ही शोधायचो नाही, बाबांना विचारायचो. मला या घराचं दुसरं काही इतकं आठवत नाही, जितका तो खाटेखाली चाचपणारा हात आठवतो.

आता बाबा नाहीत. मी भंडाऱ्याला शाळेत विज्ञान शिकवतो. मागच्या उन्हाळ्यात म्हटलं, घराला टाइल्स बसवून घेऊ, लगे हात जमीनही सरळ होईल. टाइल्सवाला तरुण आला. त्याच्याकडे नळी नव्हती, लाल प्रकाशाची रेघ मारणारं यंत्र होतं. त्याने रेघ मारली आणि भिंतीकडे बघतच राहिला.

आई आतून आली. रेघ बघितली आणि म्हणाली, "सरळ करू नोको रे बाबू. उतार हाय तसाच राहू दे."

"काहून जी आजी?"

"समदं त्यायच्याकडं जाते. जाऊ दे."

त्या पोराने मान डोलावली, यंत्र बंद केलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "सर, पहिलं काम कोनं केलं होतं जी? लेव्हल धरनारा शिकलेला मानूस तं नसल."

आई माझ्याकडे बघत होती.

"नाही रे बाबू," मी म्हणालो. "अंगठाछाप होता."