किंकाळीचा बंगला आणि मुकी ताई

मावशीचं शिवणाचं दुकान गल्लीच्या या टोकाला आणि किंकाळीचा बंगला त्या टोकाला. बंगल्याची कीर्ती पार परदेशापर्यंत. तिथं म्हणे एक मोलकरीण किंचाळत जिन्यावरून धावते, मालकांनी छळून मारलेली. लोक लांबून गाड्या करून येतात, फाटकापाशी फोटो काढतात आणि वर मावशीलाच विचारतात, "काकू, भुताचा बंगला कुठला हो?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण ती मोलकरीण म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. आणि ताई जन्मापासून मुकी होती!

दोघी हातांनी बोलायच्या. ती भाषा कुठल्या शाळेतली नव्हे. लहानपणी एका पांघरुणात पडल्या पडल्या दोघींनीच जुळवलेली. नाकाला अंगठा घासला की मालकीणबाई, गाल फुगवून पोटावर थाप मारली की कोपऱ्यावरचा दुकानदार. ताई मालकीणबाईंची नक्कल अशी करायची की मावशीला हसता हसता ठसका लागायचा. ताईला कुणी छळलं नव्हतं. बंगल्यामागच्या खोलीत ती न्यूमोनियानं गेली, मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून. अशा बाईला या रिकामटेकड्यांनी मेल्यावर जिन्यावरून पळायला लावलं होतं.

एका रविवारी बंगल्याच्या दिवाणखान्यातच भूत खरं की खोटं यावर जाहीर वाद ठेवण्यात आला. एका बाजूला गळ्यात यंत्रं अडकवलेले भूतशोधक, दुसऱ्या बाजूला भूतबित न मानणारे एक प्राध्यापक. मावशी दुकान बंद करून पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिची सगळी भिस्त प्राध्यापकांवर. शिकलेला माणूस, ताईची या फेऱ्यातून सुटका करील असं तिला वाटलं होतं.

प्राध्यापक उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अशी कुणी मोलकरीण इथं कधी नव्हतीच. निव्वळ दंतकथा आहे ही."

घ्या! एकानं भूत केलं, दुसऱ्यानं जन्मालाच येऊ दिलं नाही.

मावशी ताडकन उठली. "नव्हती कशी? माझी सख्खी बहीण होती ती! मुकी होती. मुकं माणूस किंचाळतं कसं, ते सांगा आधी!"

प्राध्यापकांचा चेहरा खुलला. "ऐकलंत? बाईंनी माझाच मुद्दा सिद्ध केला!"

भूतशोधक कसले ऐकताहेत! "उलट! जन्मभर कोंडलेला आवाज मेल्यावर मोकळा झाला!"

टाळ्या दोघांनाही पडल्या. ताई दिसायची कशी, तिला काय आवडायचं, ती कशानं हसायची, हे विचारावं असं त्या भरल्या दिवाणखान्यात एकाच्याही मनात आलं नाही. कुणाला भूत हवं होतं, कुणाला मुद्दा. बहीण कुणालाच नको होती.

मावशीला रागानं शब्द फुटेना. तिचे हात आपोआप बोलायला लागले. या दोघा शहाण्यांना ताई काय काय म्हणाली असती, ते सगळं तिनं भराभरा म्हणून टाकलं. ताईच्या ठेवणीतल्या शिव्याही सोडल्या नाहीत.

"अंगात आलं! बहीण आली अंगात!" भूतशोधक ओरडले आणि यंत्रं घेऊन पुढे सरसावले. लोक खुर्च्यांवर चढून फोटो काढू लागले.

"कुणी घाबरू नका, हा मानसिक झटका आहे," प्राध्यापकांनी माईकवरून खुलासा केला. "धरा जरा त्यांना. पाणी आणा."

"हो हो, धरा, धरा!" भूतशोधकही म्हणाले. दिवसभरात दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

दोन धट्टेकट्टे इसम धावत आले आणि त्यांनी मावशीची मनगटं दोन्ही बाजूंनी घट्ट पकडली. मावशीनं एकदा या हाताकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे. ताईचे हात असे कुणी कधी धरले नव्हते. मालकीणबाईंनीसुद्धा नाही.

"हात सोडा," ती म्हणाली. "माझं बोलणं संपलेलं नाही."